लहान नौकेचा नियम

सुट्या जवळ आल्या म्हणजे वर्तमानपत्रांच्या पानांवर आणि मोबाइलच्या पडद्यावर दूरदेशच्या सफरींच्या जाहिराती झळकूं लागतात. त्यांपैकीं एका प्रकारच्या जाहिरातीनें वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थ्यांचें मन फारच वेधून घेतलेलें दिसतें. दहा-बारा, फार तर सोळा उतारू मावतील अशी लहानशी नौका. चोहोंकडे महासागराचें निळें पाणी. आणि त्या पाण्यांतून वर आलेलीं, ज्वालामुखीनें घडविलेलीं काळींकभिन्न बेटें. त्यांवर माणसास न भिणारे पक्षी, समुद्रांत पोहणाऱ्या घोरपडी आणि शंभर-शंभर वर्षें जगणारीं कासवें. आठ दिवस नौकेंत राहावें, बेटामागून बेट पाहावें आणि परत यावें, अशी ती सफर. तिचें भाडें वाचून पालकांचे डोळे पांढरे होतात, ही गोष्ट निराळी.

ज्या यवतमाळाहून मुंबईचा किनारा सहाशें किलोमीटरांहून अधिक दूर आहे, आणि जेथील पुष्कळ मुलांनीं समुद्र चित्रांतच पाहिलेला असतो, तेथें या सफरीची चर्चा कशाला, असें कोणी म्हणेल. माझें मत याच्या उलट आहे. त्या सफरींत घेण्याजोगी जी गोष्ट आहे ती नौकेवरचें सुख नव्हे, तर नौकेचें लहानपण होय. आणि त्या लहानपणामागें जो नियम आहे त्याची आज आमच्या जिल्ह्यास फार गरज आहे.

प्रथम त्या बेटांविषयीं. दक्षिण अमेरिकेंतील एक्वादोर देशाच्या किनाऱ्यापासून सुमारें एक हजार किलोमीटर पश्चिमेस, विषुववृत्तावर, गालापागोस नांवाचा द्वीपसमूह आहे. हीं बेटें कोणत्याही खंडापासून तुटून निघालेलीं नाहींत. समुद्राच्या तळाशीं अग्निरसाचे थर एकावर एक सांचत गेले व त्यांचीं टोकें पाण्याबाहेर आलीं, तींच हीं बेटें. पश्चिमेकडील फर्नांदिना बेटावरचा ज्वालामुखी २०२४ सालीं देखील धगधगला होता. अशा ओसाड भूमीवर जें जें जिवंत आहे तें मूळ वाऱ्यानें, लाटांनीं किंवा पंखांनीं आलें. आणि जें आलें तें तेथल्या एकांतांत हळूहळू पालटलें. घोरपड समुद्रांत बुडी मारून शेवाळ खाऊं लागली व अंगांत अधिक झालेलें मीठ नाकावाटें शिंकून टाकूं लागली. पाणकावळा उडणें विसरला. कारण ज्याला पाहून उडून जावें असें तेथें कोणी नव्हतें. १८३५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबर महिन्यांत चार्लस् डार्विन हा तरुण ‘बीगल’ जहाजांतून तेथें आला आणि सुमारें पांच आठवडे त्या बेटांमधून फिरला. (या मुलानें पाद्री व्हावें म्हणून त्याच्या वडिलांनीं त्यास केंब्रिजला धाडलें होतें, हें ऐकून आमच्या विद्यार्थ्यांस गंमत वाटेल.) प्राण्यांच्या जातींच्या उत्पत्तीसंबंधीं पुढें त्यानें जो सिद्धांत मांडला, त्यास तेथील निरीक्षणांचा मोठा आधार झाला.

भीति नसणें हा गुण त्या प्राण्यांना फार महाग पडला. प्रथम चांचे, आणि पुढें देवमाशांची शिकार करणारे खलाशी या बेटांवर उतरत व तेथील प्रचंड कासवें उचलून जहाजाच्या तळघरांत रचून ठेवीत. कारण तें जनावर अन्नपाण्यावांचून महिनोन् महिने जिवंत राहतें आणि ताज्या मांसाची सोय होते. अशा रीतीनें नेलेल्या कासवांची संख्या लाखाच्या वर धरतात. परंतु माणसाच्या हातापेक्षां त्यानें सोडून दिलेलें जनावर पुष्कळदां अधिक घात करतें. १९५९ सालीं पिंता नांवाच्या बेटावर कोळ्यांनीं एक बोकड व दोन शेळ्या सोडल्या. हेतु वाईट नव्हता; पुन्हां या बाजूस आलों तर खावयास कांहीं असावें, इतकाच. पंधरा वर्षांच्या आंत त्या तिघांचीं तीस हजारांहून अधिक झालीं व बेटावरील हिरवळ त्यांनीं फस्त केली. त्या बेटाच्या जातीचें एकच कासव १९७१ सालीं दृष्टीस पडलें. त्याला लोक ‘एकाकी जॉर्ज’ म्हणूं लागले. चाळीस वर्षें त्याच्यासाठीं जोडीदारीण शोधण्याचे सर्व उपाय झाले. २०१२ च्या जून महिन्यांत तो मेला आणि त्याच्याबरोबर त्याची जात पृथ्वीवरून नाहींशी झाली. नोहाच्या तारवांत जीवांचीं जोडपीं घेतलीं होतीं, हें आमच्या मुलांस लहानपणापासून ठाऊक आहे. एकटा उरलेला जीव तारवांत घेऊन कांहीं साधत नाहीं, हें त्या कथेंतलें व्यावहारिक शहाणपण जॉर्जच्या हकीकतीनें जितकें पटतें तितकें कोणत्याही टीकेनें पटणार नाहीं.

गंमत अशी कीं, ज्या १९५९ सालीं त्या शेळ्या सोडल्या गेल्या त्याच सालीं एक्वादोर सरकारनें या बेटांचें राष्ट्रीय उद्यान केलें. १९७८ सालीं जागतिक वारशाची पहिली यादी निघाली, तींत हें नांव होतें. जग पाहावयास येणार हें उघड होतें. प्रश्न कसें येऊं द्यावें हा होता. तेथल्या लोकांनीं काढलेला तोडगा मला मोठ्या शहाणपणाचा वाटतो. शंभरांहून अधिक उतारू असलेल्या जहाजास बेटांमध्यें फिरण्याची परवानगी नाहीं, आणि पुष्कळ नौका तर सोळांच्याच आहेत. सोळा हा आंकडाही उगीच आलेला नाहीं. सोळा प्रवाशांमागें एक शिकलेला व परवानाधारक वाटाड्या असलाच पाहिजे, असा नियम आहे. त्याच्यावांचून बेटावर पाऊल टाकतां येत नाहीं. आंखून दिलेल्या पाऊलवाटेबाहेर जावयाचें नाहीं. प्राण्यापासून दोन मीटर दूर राहावयाचें. तो स्वतः जवळ आला तर आपण मागें सरावयाचें. एकदां भेट दिलेल्या स्थळीं त्याच नौकेनें चौदा दिवसांच्या आंत पुन्हां यावयाचें नाहीं. येणाऱ्याच्या सामानाची तपासणी होते. बोचक्यांत कोठें बी, फळ किंवा किडा लपून येत तर नाहीं, हें पाहतात. नौका लहान ठेवण्याचें कारण हें कीं, लहान नौकेंतील माणसें मोजतां येतात, ओळखतां येतात आणि एका माणसाच्या हळू आवाजांतील सूचनेनें थांबवितां येतात. पांचशें माणसांना थांबविण्यास कर्णा लागतो, आणि कर्णा वाजला कीं पाहावयास आलेली वस्तु नाहींशी होते.

हा सारा श्रीमंतांचा खेळ आहे, असा आक्षेप सुज्ञ पालक घेतील. त्यांत तथ्य आहे. २०२४ च्या ऑगस्टपासून परदेशी प्रवाशास केवळ उद्यानांत शिरण्यासाठीं दोनशें डॉलर पडतात. नौकेचें भाडें वेगळें. शिवाय या नियमाला एक मोठें छिद्र आहे, तेंही लपवूं नये. नौका लहान ठेवल्या तरी माणसें एकंदरींत वाढतच आहेत; २०२३ सालीं सव्वातीन लाखांहून अधिक लोक त्या बेटांवर गेले. पुष्कळ जण आतां वस्तीच्या बेटांवर खोल्या घेऊन राहतात व दिवसापुरत्या होडींतून फिरतात. लहान नौकेचा नियम एका वेळीं एका वाटेवर किती पाय पडावे एवढेंच ठरवितो. वर्षाकांठीं किती पडावे हें तो ठरवीत नाहीं. तें ठरविण्याचें धैर्य अद्याप कोणी पुरतें दाखविलेलें नाहीं. तरी पण नियमाची जी मुख्य शिस्त आहे, म्हणजे थोडे असा, जाणत्याचें ऐका, अंतर राखा आणि वेळेवर परत फिरा, तिला एक पैसाही लागत नाहीं. आपण जाहिरातींतून महाग तेवढें वाचलें आणि फुकट तेवढें सोडून दिलें.

आमच्या देशांतही अशीं अग्निजन्य बेटें आहेत. अंदमानांत पोर्ट ब्लेअरपासून (२०२४ पासून त्याचें नांव श्री विजयपुरम् झालें आहे) सुमारें एकशें चाळीस किलोमीटरांवर बॅरन नांवाचें ओसाड बेट आहे. भारतांतील जागृत ज्वालामुखी तो एवढाच. १७८७ सालच्या त्याच्या उद्रेकाची नोंद आहे. मग दीर्घ काळ तो निजला व १९९१ सालीं जागा झाला. २०२५ च्या सप्टेंबरांत त्यानें पुन्हां राख उडविली. परवानगी काढून गेलेल्या पर्यटकांसही त्या बेटावर उतरतां येत नाहीं; नौकेंतूनच प्रदक्षिणा घालावी लागते. ही मनाई ऐकून कित्येकांचा हिरमोड होतो. मला ती योग्य वाटते. ज्या कांठावर पाय ठेवतां येत नाहीं त्या कांठाकडे माणूस अधिक लक्षपूर्वक पाहतो, असा अनुभव आहे. या बेटावरही पूर्वीं जहाजानें सोडलेल्या बकऱ्यांचा वंश टिकून राहिल्याचें निरीक्षकांनीं नोंदविलें आहे. पिंताची गोष्ट ठाऊक असलेल्यास तें वाचून धस्स होतें.

बॅरनच्या उत्तरेस नारकोंडम हें दुसरें बेट. त्याचा अग्नि फार पूर्वीं निवाला असून आतां तेथें शिखरापर्यंत दाट अरण्य आहे. सात चौरस किलोमीटरांहूनही कमी अशा त्या तुकड्यावर एका जातीचा धनेश पक्षी राहतो, आणि साऱ्या पृथ्वीवर तो दुसऱ्या कोठेंही नाहीं. धनेशाची संसार करण्याची रीत मोठी विलक्षण आहे. मादी झाडाच्या ढोलींत शिरते, विष्ठेनें व फळांच्या गरानें ढोलीचें तोंड लिंपून घेते आणि चोंच बाहेर निघेल एवढीच फट ठेवते. अंडीं उबवून पिल्लें मोठीं होईपर्यंत तिचें व त्यांचें पोट सर्वस्वीं नरावर अवलंबून असतें. तो दिवसभर उंबरा-पिंपळाच्या जातीचीं फळें आणून त्या फटींतून भरवितो. आतां अशा झाडाखालीं शेंदीडशें हौशी माणसें छायाचित्रें घेत तासभर उभीं राहिलीं तर काय होईल, हें सांगावयास प्राणिशास्त्रज्ञ नको. नर दूर फांदीवर बसून राहील, आणि भिंतीआड कोंडून घेतलेली आई वाट पाहील. बेटावर पर्यटकांस मोकळें रान नाहीं, ही त्या पक्ष्यावर मोठी कृपा आहे.

येथवर समुद्राची गोष्ट झाली. आतां वाचकांस घरीं आणतों. अंगणांतला काळा दगड, विहीर खणतांना लागणारा कातळ आणि ज्या काळ्या मातींत आमचा कापूस पिकतो ती माती, हीं सारीं अग्निरसाचींच लेंकरें आहेत. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं जमिनीच्या भेगांतून उकळता रस वारंवार वर आला, पठारभर पसरला आणि थरावर थर निवत गेला. त्यानें व्यापलेला मुलूख आजही सुमारें पांच लक्ष चौरस किलोमीटर भरतो. वणीकडचा कोळशाचा व चुनखडीचा पट्टा सोडला तर यवतमाळ जिल्ह्याचा बहुतेक भाग या दगडावर बसलेला आहे. २०२१ सालीं झरी जामणी तालुक्यांत शिबला-पार्डीकडे रस्त्याचें काम चालू असतां जमिनींतून दगडी खांबांची रांगच उघडी पडली. कोणी राजानें मंदिर बांधून पुरलें असावें, अशी शंका येण्याइतके ते रेखीव. परंतु ते खांब कोणीं घडविलेले नाहींत. रस निवतांना आकसला, त्याला तडे गेले आणि ते तडे खोल जाऊन पैलूदार स्तंभ झाले.

आणखी एक गोष्ट आहे, ती कळली म्हणजे जाहिरातींतल्या बेटांचें कौतुक थोडें कमी होईल. हा अग्नि वाहत होता त्या काळीं हिंदुस्थान आशियास जोडलेला नव्हता. मादागास्करापासून सुटून तो एकटाच उत्तरेकडे सरकत चालला होता. हिमालय अजून उठावयाचा होता. ज्या अग्निकुंडावरून तो त्या वेळीं गेला तें कुंड आज हिंदी महासागरांतील रेयुनियाँ बेटाखालीं आहे, असें भूशास्त्रज्ञ मानतात, आणि त्या बेटावरचा ज्वालामुखी अद्याप जागृत आहे. म्हणजे दूर समुद्रांतील अग्निजन्य बेट पाहावयास आपण निघणार, आणि आपलें घरच एका काळीं तसलें बेट होतें!

त्या बेटावर जीवसृष्टि होती काय? होती, आणि तिचा शोध लावणाऱ्यांमध्यें आमच्या शेजारच्या नागपूरचे मिशनरी होते, हें या मासिकाच्या वाचकांस ठाऊक असावें. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप १८४५ सालीं नागपुरास आले. त्यांनीं काढलेल्या शाळेंतून पुढें हिस्लॉप कॉलेज उभें राहिलें. उपदेश व अध्यापन करीत फिरतां फिरतां हे गृहस्थ खडक न्याहाळीत. त्यांनीं व त्यांचे सहकारी रेव्हरंड रॉबर्ट हंटर यांनीं नागपुराजवळ टाकळी येथें अग्निरसाच्या दोन थरांच्या मध्यें दबलेला गाळाचा थर तपासला, तों त्यांत गोड्या पाण्यांतील गोगलगाईंचे शंख व वनस्पतींचे अवशेष मिळाले. त्याचा अहवाल १८५५ सालीं लंडनच्या भूशास्त्र संस्थेच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. त्याचा अर्थ असा कीं, एक पूर निवाला, वर पाऊस पडून तळीं साचलीं, तळ्यांत जीव नांदले, आणि मग दुसरा पूर येऊन त्यांना झांकून गेला. हिस्लॉपसाहेबांजवळ नौका नव्हती. अग्निजन्य बेटावरच्या प्राण्यांची सफर त्यांनीं वऱ्हाड-नागपूरच्या मातींत केली. १८६३ सालीं टाकळघाटाजवळ पुरानें भरलेला नाला ओलांडतांना ते बुडून मरण पावले.

आज त्याच काळ्या दगडावर दुसरें एक बेट उरलें आहे. पांढरकवड्याजवळचें टिपेश्वर अभयारण्य सुमारें १४८ चौरस किलोमीटर आहे. १९९७ सालीं तें अभयारण्य झालें. त्याच्या भोंवतीं पाणी नाहीं, पऱ्हाटी आहे. सागवानाचें रान संपलें कीं लगेच कापूस, तूर, गांवें, रस्ते. त्यापलीकडे रानाचा पुन्हां एखादा तुकडा आणि पुन्हां कापूस. वाघाच्या दृष्टीनें हा समुद्रच होय, आणि तो त्यास पोहून जावा लागतो. बापाच्या राज्यांत वयांत आलेल्या नराला जागा नसते. २०१९ च्या फेब्रुवारींत टिपेश्वरच्या एका तरुण वाघाच्या गळ्यांत संदेश पाठविणारा पट्टा बांधण्यांत आला. जूनमध्यें तो निघाला. तेलंगणाची हद्द ओलांडून, परत महाराष्ट्रांत येऊन, शेतें, ओढे व रस्ते पार करीत तो बुलढाणा जिल्ह्यांतील ज्ञानगंगा अभयारण्यांत पोहोंचला. नऊ-दहा महिन्यांत तो तीन हजार किलोमीटरांहून अधिक चालल्याचें पट्ट्यावरून दिसलें. बहुतेक चाल रात्रीची. दिवसां तो नाल्याकांठीं किंवा उभ्या पिकांत निजून राही. इतकें चालून त्याला तेथें वाघीण मिळाली नाहीं. २०२४ च्या अखेरीस याच टिपेश्वरचा दुसरा एक वाघ धाराशिव जिल्ह्यांत येडशीच्या रामलिंग अभयारण्यांत आढळला. एकाकी जॉर्जची आठवण येथें झाल्यावांचून राहत नाहीं. फरक इतकाच कीं, या जॉर्जना पाय आहेत आणि वाट अजून पुरती बंद झालेली नाहीं.

परंतु समुद्राच्या बाजूनेंही बोललें पाहिजे. गालापागोसचा समुद्र मुका आहे. आमच्या समुद्रांत बाया कापूस वेचतात, गुराखी गुरें चारतात आणि रानडुकरांपासून तूर राखण्यासाठीं शेतकरी रात्रीं जागलीस जातो. राळेगांव-पांढरकवड्याच्या बाजूस, अभयारण्याच्या बाहेर, दोन वर्षांत तेरा माणसें मारल्याचा ठपका असलेली वाघीण २ नोव्हेंबर १९१८ च्या नव्हे, आपल्या डोळ्यांदेखत २०१८ च्या २ नोव्हेंबरच्या रात्रीं बोराटीच्या रानांत मारली गेली. सन मुद्दाम असा सांगितला, कारण ही शिकारकथांच्या काळांतली गोष्ट वाटते. शहरांतून तिच्यासाठीं शोक झाला, मोर्चे निघाले. गांवांतून फटाके वाजले. दोहोंपैकीं कोणालाही मी हंसणार नाहीं. मात्र शहरांतील शोक करणारास एवढें विचारावेंसें वाटतें कीं, वाघ पाहण्यासाठीं भरलेल्या पैशांतून त्या तेरा घरांच्या गांवीं काय पोहोंचतें? सफरीचा आनंद एकाकडे व जागलीची भीति दुसऱ्याकडे, अशी वांटणी फार दिवस चालत नाहीं. ज्या गांवाच्या पोरांना वाटाड्याचें काम व त्याचा चोख मोबदला मिळतो, तें गांव वाघाच्या वाटेंत तारेचा फास लावणाराकडे काणाडोळा करीत नाहीं, असें मला वाटतें.

आणि पाहणारे तरी कसें पाहतात? ३१ डिसेंबर २०२४ रोजीं नागपूर-भंडाऱ्याकडील उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यांत एक वाघीण आपल्या पांच बछड्यांसह रस्त्यावर आली असतां दोन्ही बाजूंनीं जिप्सी गाड्या उभ्या राहिल्या, आणि त्या कुटुंबास ना पुढें जातां येई ना मागें. त्याचीं चित्रें सर्वत्र पसरलीं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें आपण होऊन दखल घेतली. चालकांवर व वाटाड्यांवर निलंबनाची कारवाई झाली. शिक्षा झाली हें ठीकच. पण गाडी पुढें घे म्हणून मागून खांद्यावर थापा मारणारे कोण असतात, हें जंगलांत गेलेला प्रत्येक जण जाणतो. दोन मीटर मागें सरण्याचा नियम समुद्रापलीकडे पाळला जातो, आणि येथें एका आईला वाट देण्यासाठीं न्यायालय बसावें लागतें. वाघ दिसला नाहीं तर पैसे बुडाले, ही समजूत या सर्वांच्या मुळाशीं आहे. जिप्सींत सहाच पर्यटक बसतात, म्हणजे नौका लहानच आहे. पण वाघाचें नांव निघतांच दहा नौकांचें एक गलबत होतें.

म्हणून माझें म्हणणें असें कीं, आमच्या शाळेची वार्षिक सहल लहान नौकेच्या नियमानें निघावी. एका मोठ्या बसमध्यें साठ मुलें, वर ध्वनिक्षेपक, आणि संध्याकाळीं वाघ दिसला कीं नाहीं याची ओरड, ही पद्धत बंद करावी. सोळा विद्यार्थी व एक शिक्षक अशा तुकड्या कराव्या. प्रत्येकीबरोबर त्याच भागांतला एक जाणता माणूस असावा. केळापूर व झरी जामणीकडच्या कोलाम-गोंड वस्त्यांतून अशीं माणसें आहेत. पावलाचा ठसा ताजा कीं शिळा, हें ज्यास कळतें त्यास गुरुजी म्हणण्यास आमच्या मुलांस संकोच वाटूं नये, आणि त्याची दक्षिणा सहलीच्या खर्चांत आधीं धरावी. पालकांस भाड्याची भीति नको. बोलावयाचें तें टिपेश्वराविषयीं, पॅसिफिकाविषयीं नव्हे. एक तुकडी अरण्यांत असतां दुसरीनें शिबल्याचे खांब पाहावे, त्यांच्या बाजू मोजून वहींत लिहाव्या आणि दगडाचा टवका मात्र कोणीं खिशांत घालूं नये.

निघण्यापूर्वीं जोडे झाडावे, हा नियम मुलांस प्रथम हास्यास्पद वाटेल. त्यांस शाळेच्या कुंपणावरची घाणेरी दाखवावी आणि पटांगणाच्या कडेचें गाजरगवत दाखवावें. दोन्ही अमेरिकेंतून आलेलीं. एक शोभेसाठीं आणलेलें, दुसरें न बोलावतां धान्याबरोबर शिरलेलें. घाणेरीनें गालापागोसच्या बेटांवरही असाच उच्छाद मांडला आहे. पिंताच्या तीन शेळ्यांस समुद्र लागला. या दोघींस मोज्यांत अडकलेलें एक बी पुरतें.

तुकड्या पाडल्या तर सहलीस एकाऐवजीं चार-पांच दिवस लागतील व शिक्षकांची ओढाताण होईल, ही अडचण मला मान्य आहे. तीवर उपाय म्हणून वरच्या दोन वर्गांपासून आरंभ करावा. पावसाळ्यांत अभयारण्य बंद असतें, आणि दिवाळीनंतर फार गर्दी होते. म्हणून शनिवार-रविवार टाळावे. पहिली तुकडी वेचणीच्या दिवसांत निघाली तर उत्तम. सुन्ना फाटकाकडे जातांना वाटेंत गाडी थांबवून, धन्याची परवानगी घेऊन, मुलांनीं अर्धा तास ओळीनें कापूस वेचावा, आणि वेचणाऱ्या बायांस विचारावें कीं अंधार पडण्यापूर्वीं त्या किती वाजतां घरीं निघतात.